बेशरमचे मेढे

"अवो, हात लावू नको," मी म्हणालो.

तिनं लावला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची, पाडव्याची सकाळ होती. सगळं गाव शिवेवर मेढे टाकून नुकतंच मागं वळलं होतं. आमच्या चिचटोल्यात पोळ्याला दारापुढं झाडाची फांदी रोवतात. तिला आम्ही मेढा म्हणतो. घरातली इडा-पिडा रात्रभरात त्या मेढ्यात जाते असं म्हणतात. पाडव्याला सकाळी तो उपटायचा, "खोकला-खरूज घेऊन जा गे मारबत" असं, दुखणी घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या नावानं, ओरडत शिवेबाहेर नेऊन टाकायचा आणि मागं न पाहता घरी यायचं. टाकलेल्या मेढ्याला कोणी हात लावत नाही. जो लावेल त्याच्या अंगावर सगळ्या गावाचं दुखणं येतं.

दुरपतानं एक मेढा उचलला, मग दुसरा. कमरेला तिनं दोरी गुंडाळून आणली होती. ती सोडून तिनं चिखलावर पसरली आणि एकेक मेढा तिच्यावर ठेवू लागली. दोरी पाहिली तेव्हा मला कळलं, की ही घरूनच ठरवून आली आहे. माझी बायको असली तरी मला विचारायची तिची पद्धत नव्हती. सांगायची होती. त्या दिवशी तिनं सांगितलंही नव्हतं.

सगळ्यात आधी मागं पाहिलं ते कौतिका काकीनं. काकी म्हणजे माझ्या चुलत्याची बायको. गावात काय करायचं आणि काय नाही, ते तिच्या तोंडून ठरायचं.

"अवो दुरपता! टाक! टाक ते खाली!"

मग सगळेच वळले. मागं पाहू नये हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

"काकी, तुमी पाह्यलं मागं," दुरपता म्हणाली. "आता तुमचा खोकला जात नाही बगा."

"हसू नको. चैतराम, बायको तुझी आहे का गावाची? धर ना तिले!"

मारबतीची हाक द्यायचा मान लखाजीचा. त्याचा आवाज मोठा आणि जीभ त्याहून मोठी. तो म्हणाला, "राहू द्या काकी. बेशरमच्या काड्या बेशरमच्या डोक्यावर. कुठं बिघडलं?"

लोक हसले. दुरपताही हसली. "हो गा लखाजी, बेशरमच. उपटली तरी उगवते."

मी जवळ गेलो. तिला आवरावं म्हणूनच गेलो होतो. तिनं वर न पाहता दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"ताना," ती म्हणाली.

मी ताणलं.

बेशरम हे झाडाचं नाव आहे. आमच्या भागात सगळे तेच म्हणतात. पोकळ हिरवी काडी, तोडली की पांढरा चीक आणि कर्ण्यासारखं फिकट जांभळं फूल. जनावर तोंड लावत नाही, म्हणून कधीकाळी कोणीतरी कुंपणाला लावलं. कुंपणातून ते बांधावर गेलं, बांधावरून नाल्यात, नाल्यातून तलावात. उपटून फेकलं तर जिथं पडेल तिथं मूळ धरतं. म्हणूनच ते नाव.

मी ढिवर. तलावातली मासळी हे आमच्या घरांचं पोट. आमच्या तलावाचं तोंड, म्हणजे नाला जिथं तलावात उतरतो ती उथळ जागा, हीच आमची शीव. पावसाळ्यात मरळ तिथंच येते. गवतात जागा करते आणि मग तिची तांबडी पिल्लं थव्यानं फिरतात, पाण्यावर कुंकू सांडल्यासारखी. तिथं बेशरम माजली आणि गवत गेलं. गवत गेलं तशी मरळ येईनाशी झाली. आम्ही पुरुष एकदा कुऱ्हाडी घेऊन उतरलो, दिवसभर तोडली, तुकडे पाण्यात पडले ते पडले. पुढच्या पावसात एका झुडपाची दहा झाली.

त्यानंतर दुरपतानं बायका जमवल्या. चैतात पाणी मागं सरलं की त्या चिखलात उतरत. तोडायचं नाही, कुदळीनं मुळासकट काढायचं, पडलेली काडी अन् काडी वेचायची, डोक्यावर घेऊन मुरमाच्या टेकडीवर न्यायचं आणि मुळं वर करून उन्हात पसरायचं. खडखडीत वाळलं की मगच जाळायचं. दोन उन्हाळे त्यांनी हे केलं. हातापायांना खाज सुटायची, चिकानं डोळे झोंबायचे. त्यांच्यात काकीची सून सगुणा होती. आता सगुणेला स्वतःला सून आली आहे, पण तेव्हा ती तरणी, नवी-नवी होती आणि चिखलात सगळ्यांच्या पुढं असायची.

एवढं करूनही पोळा झाला की तलावाच्या तोंडाशी पुन्हा हिरवे कोंब. बाकी सगळीकडं कमी, तिथंच जास्त. कोणाला कळेना. एकदा अश्विनात दुरपता तिथं वाकून बसली आणि तिनं मला हाक मारली.

"हे पाहा."

मोठ्या जोमानं फुटलेलं एक रोप होतं. त्याच्या बुंध्याला चिंधी बांधलेली होती. निळ्या ठिपक्यांची.

"हे काकीच्या नातवाचं झबलं," ती म्हणाली. "त्याले ताप येत होता म्हनून काकीनं मेढ्याले बांधलं होतं."

तेव्हा आम्हाला कळलं. पूर्वी मेढा पळसाचा असायचा. तो टाकला की वाळायचा, कुजायचा. जंगल मागं सरलं, पळस दूर गेला, मग कोणीतरी कुंपणातली बेशरमची काडी तोडून दारात लावली. हळूहळू सगळ्यांनीच. मेढा तोच राहिला, झाड बदललं. आणि सगळं गाव दर पाडव्याला, ओरडत-नाचत, मऊ चिखलात बेशरमची कलमं लावून येत होतं.

दुरपतानं चावडीपुढं बसून हे सगळ्यांना सांगितलं. चिंधीही दाखवली.

"मंग का करायचं म्हनते?" लखाजीनं विचारलं.

"पळस आना."

"पळस आनाले बैल जुंपून जायचं का? पोळ्याच्या दिवशी? बैलाच्या सनाले?"

"मंग दुसरीकडं टाका. टेकडीकडं."

"शीव इकडं आहे," काकी म्हणाली. "शीव का बाज आहे, ऊन आलं का सरकवायले?"

"मंग जाळा."

"जाळलं तं पिडा धूर होऊन घरात येते. हे तुले तुझ्या मायनं नाही शिकवलं?"

कोणी ऐकलं नाही. आणि मी त्यांना दोषही देत नाही. ज्या घरात आजारी लेकरू आहे, त्या घरातल्या बाईला मेढा इथं टाकू नको तिथं टाक असं सांगणं सोपं नाही. दुरपतालाही ते कळत होतं. आमचा एक मुलगा तिसऱ्या वर्षी गेला होता. त्या पोळ्याला शिवेवर सगळ्यात मोठ्यानं तीच ओरडली होती.

तिसऱ्या उन्हाळ्यात बायका उतरल्या, पण काम संपल्यावर सगुणा तिला म्हणाली, "वैनी, आता राग मानू नका. यंदा पोळ्यानंतर पुन्हा उगवलं तं आमी नाही उतरनार. लोकं वरून लावत राह्यतीन अन् आमी खालून काढत राहू, असं किती दिवस?"

"बरोबर आहे तुझं," दुरपता म्हणाली. तिनं एवढंच म्हटलं.

आणि मग तो पाडवा आला, आणि तिनं मेढे उचलले.

भारा दोघांनी मिळून टेकडीवर नेला. जाताना वाटेत कोणी थांबलं नाही. बायकांनी लेकरं घरात ओढली. टेकडीवर तिनं मेढे एकेक करून वेगळे पसरले. एकाखाली एक राहिला तर ओल धरतो म्हणून. मी विचारलं, "तुले भेव नाही वाटत?"

"मले?" ती म्हणाली. "मले आता कायचं भेव?"

मी ते असंच बोलणं समजलो.

काही दिवस आमच्या दारापुढून लोक जरा लांबून गेले. काकीनं मात्र रोज विचारलं, "बरी आहे ना वो?" जणू दुरपता तापानं फणफणलेली असावी. पण काही झालं नाही. धान निसवलं, कामं आली, लोक विसरले. आणि अश्विनात तलावाच्या तोंडाशी एकही कोंब फुटला नाही. मोकळं पाणी होतं. बायका मुद्दाम बघायला गेल्या. सगुणा परत येऊन म्हणाली, "वैनी, पुढच्या चैतात काठचंबी काढून टाकू. मंग झालंच."

माघात दुरपताचा डावा हात वर जाईना. ती पाण्याची गुंडी एका हातानं उचलू लागली. मी विचारलं तर म्हणाली, अवघडला. मग ती रोडावली. मी तिला तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हात न लावताच नागपूरला न्यायला सांगितलं.

तिथं डॉक्टरीणबाई होती. तिनं मला पडद्याबाहेर थांबवलं, पण पडदा काय, सगळं ऐकू येत होतं.

"बाई, ही गाठ केव्हापासून आहे?"

मग दुरपताचा आवाज आला. "चैतापासून."

"चैत्र? म्हणजे वर्ष होत आलं! इतके दिवस काय करत होतीस?"

"काम होतं."

बाहेर व्हरांड्यात बाकावर आम्ही बसलो. समोर माणसांची गर्दी होती. मी खाली पाहून विचारलं, "चैतापासून?"

"चिखल धुताना हाताले लागली. हरभऱ्याएवढी होती."

"मले काहून नाही सांगतलं?"

"दुखत नव्हती."

"आपल्या गावच्या दवाखान्यात दाखवायचं."

"कोनाले? त्या पोराले? कालपरवापर्यंत चड्डी घालून झिंगे मागाले येत होता आपल्या दारात. त्याच्यापुढं पोलकं काढू?"

"अन् गाव तुले बेशरम म्हनते."

ती हसली. हसताना तिला कळ आली ते दिसलं. "गावाले का कळते?"

थोड्या वेळानं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हळू म्हणालो, "म्हनजे मेढे उचलले तवा तुले हे माहीत होतं."

"होतं ना. म्हनूनच तं उचलले."

"म्हनजे?"

"कोनीतरी उचलायलाच पाहिजे होते. सगुणा म्हनत होती, मी उचलतो. तिचं लेकरू तान्हं. तिनं उचलले असते अन् दोन दिवसांनी लेकराले ताप आला असता, तं? लेकराले ताप येतेच. मंग पुन्हा कोनी हात लावला असता का? मले तं आधीच होऊन बसलं होतं. मले नवं का होनार होतं?"

समोरून कोणाची तरी खाट ढकलत नेली, मी पाय मागं घेतले.

"पन हे कोनाले सांगू नका," ती म्हणाली. "पोटाचं दुखनं म्हना. बाईच्या जागेचं आहे हे. माझ्या मागं लोकं बसून माझ्या अंगाचं बोलतीन, मले नाही आवडनार."

"नाही सांगत."

"शपथ?"

"शपथ."

डॉक्टरीणबाईनं काढायचं म्हटलं, पण मग फोटो काढल्यावर म्हणाली, आता काढून उपयोग नाही. आम्ही घरी आलो. चैतात ती बाजेवर होती. बायका तिच्यापाशी येऊन बसायच्या, पण चिखलात कोणी उतरलं नाही. तिच्याशिवाय त्यांना सुचत नव्हतं. ज्येष्ठात ती गेली.

सगळ्यात जास्त रडली ती कौतिका काकी. प्रेतावर पडून म्हणाली, "सांगतलं होतं ना वो तुले, टाक म्हनून! काहून नाही ऐकलं माझं?" त्यात वाईट काही नव्हतं. ती खरंच तसं मानत होती. आणि मग सगळेच मानू लागले. मेढ्यांनी नेलं दुरपताला. सगळ्या गावाची पिडा तिनं अंगावर घेतली आणि ती तिच्या पोटात गेली. मीच तर सांगितलं होतं ना, पोटाचं दुखणं म्हणून. तेरवीला आलेल्या बाया डोळे पुसत म्हणायच्या, "आमचं घेऊन गेली माय." कोणी तिच्या नावानं नारळ फोडायचं म्हणालं. मी ऐकत राहायचो. मी शपथ घेतली होती.

पुन्हा पोळा आला. सुतक-दुखवट्याच्या घरात सण नसतो, म्हणून मी मेढा लावला नाही. पण सकाळी हाक ऐकू आली तसा मी उठून शिवेवर गेलो. कशाला गेलो ते मला माहीत नव्हतं. घरात बसवत नव्हतं एवढं खरं.

मेढे सगळे बेशरमचेच होते. यंदा तर जास्तच. तिचं झालेलं पाहून लोक घाबरले होते, एकेका घरानं दोन-दोन लावले होते. ते तलावाच्या तोंडाशी पडले. मऊ चिखलात काही तर उभेच रुतले. मागच्या अश्विनात जिथं मोकळं पाणी होतं तिथंच.

लोक वळले. मी उलटा चालू लागलो.

लखाजीनं माझा दंड धरला. या वेळी त्याच्या तोंडी चेष्टा नव्हती. "चैतराम, नको गा. एक गेली ना."

"सोड."

"अरे, ती देवमानूस होती. तिनं केलं ते केलं. तू नको करू."

काकी पुढं आली. तिचे डोळे भरले होते. "बाबू, तुझं घर अर्धं राह्यलं. ते तरी राहू दे. मी हात जोडतो तुले."

तिनं खरंच हात जोडले. माझ्या आईच्या जागची बाई. मागं बायका उभ्या होत्या, सगुणा लेकरू कडेवर घेऊन होती. त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला दिसलं, की यांच्यातली एकही आता कधी या मेढ्यांना हात लावणार नाही. मला पाहून नाही, कोणाला पाहून नाही. दुरपतानं जे मोकळं केलं होतं ते तिच्याच नावानं पुन्हा बुजणार होतं.

"मेढ्यानं नाही नेलं तिले," मी म्हणालो.

"मंग?"

"गाठ होती."

"पोटात?" लखाजीनं विचारलं.

"पोटात नाही."

"तूच तं सांगतलं, पोटाचं म्हनून."

"खोटं सांगतलं."

"मंग कुठं होती गाठ?"

समोर सगळं गाव. माझ्या धाकट्या भावांच्या बायका, सुना, पोरी. मी आयुष्यात कधी चारचौघांत बायकोचं नाव घेतलं नव्हतं, अगं-अवो म्हणूनच हाक मारायचो घराबाहेर.

"कुठंबी असन," काकी म्हणाली. "गाठ पायालेबी येते. पिडा जागा पाहून येते का?"

"थानात," मी म्हणालो.

बायकांनी पदर ओढले. दोघी-तिघींनी तोंड फिरवलं.

"चैतराम!" काकी ओरडली. "लाज आहे का तुले? पोरीबाळींत का बोलतो!"

"तिच्या थानात गाठ होती," मी पुन्हा म्हणालो. एकदा बोलल्यावर दुसऱ्यांदा तेवढं जड गेलं नाही. "चैतात तिच्या हाताले लागली. तुमच्यासंगं चिखलात होती तवा. मेढे उचलले भादव्यात. चैत आधी येते का भादवा? तुमीच सांगा. तिनं डॉक्टरले नाही दाखवलं, मले नाही सांगतलं. दुखत नव्हती म्हने, अन् लाज वाटत होती. मेढ्यानं नाही, लाजेनं नेलं तिले."

लखाजी पायाकडं पाहत होता.

काकीनं पदर तोंडाला लावला. "अन् तू तिचं असं चव्हाट्यावर आनलं," ती म्हणाली. "मेलेल्या बाईचं." ती वळली आणि चालू लागली. तिच्यामागं एकेक करून सगळे गेले. मागं कोणी पाहिलं नाही.

मी एकटा राहिलो. मी शपथ मोडली होती आणि त्याचा उपयोगही झाला नव्हता. मग करायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी मेढे उचलू लागलो. दोरी आणली नव्हती. खांद्यावरच्या पंच्यानं भारा बांधला. उचलताना पंचा सुटला आणि सगळे मेढे पुन्हा चिखलात पसरले. मी ते पुन्हा गोळा केले. दुसऱ्यांदा भारा उचलला तेव्हा तो हलका लागला. मागचं टोक कोणीतरी धरलं होतं.

सगुणा होती. लेकरू ती कोणाजवळ तरी देऊन आली होती. पदर नाकापर्यंत ओढलेला.

आम्ही काही न बोलता टेकडीवर गेलो. बोलण्यासारखं नव्हतंच, कारण आमच्यात भाऊसून भासऱ्याशी बोलत नाही. मी तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ लागतो. लग्न होऊन आल्यापासून सगुणेचा आवाज मी ऐकला होता तो दुसऱ्या कोणाशी बोलतानाच. मला काही सांगायचं असलं तर ती दुरपताला सांगायची.

टेकडीवर तिनं भारा सोडला आणि मेढे पसरायला लागली. एकावर एक येऊ न देता, दुरपता पसरायची तसेच. मी दुसऱ्या टोकाकडून पसरत होतो. तिची पाठ माझ्याकडं होती.

"वैनीची," ती म्हणाली आणि थांबली.

मी इकडंतिकडं पाहिलं. टेकडीवर आम्ही दोघंच होतो. म्हणजे ती माझ्याशीच बोलत होती.

"वैनीची गाठ... दुखत होती का?"

"नाही. अजिबात नाही."

तिनं आणखी दोन मेढे पसरले. मग हातातला तसाच धरून ती बसली.

"माझीबी दुखत नाही," ती म्हणाली.

मी उभा राहिलो. म्हणालो, "चाल."

"आताच?"

"आताच."

"हे पसरायचे राह्यले ना."

"राहू दे. टेकडीवर उगवत नाही ते."

आम्ही खाली उतरलो. मी पुढं आणि ती चार पावलं मागं. उतारावरून नाला दिसत होता. तलावाच्या तोंडाशी दोन बाया वाकलेल्या होत्या. लांबून ओळखू आल्या नाहीत. एकीच्या हातात दोरी होती.

काकी दारात बसली होती, सगुणेचं लेकरू मांडीवर घेऊन. आम्हाला दोघांना बरोबर येताना पाहून ती उठली. "हे का? कुठं चालले तुमी?"

मी सगुणेकडं पाहिलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सगुणाच म्हणाली, "दवाखान्यात जातो, मामी. नागपूरले."

"कायले?"

सगुणेनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि सासूला सांगितलं. माझ्यासमोर, रस्त्यावर, तोच शब्द घेऊन.

काकी भिंतीला टेकली. लेकरू तिचा पदर ओढत होतं. मग तिनं ते लेकरू शेजारणीकडं दिलं, आत गेली आणि चपला घालून बाहेर आली. मी त्या बाईला कधी चपला घातलेलं पाहिलं नव्हतं, सुनेच्या होत्या.

"तुमी कुठं, काकी?"

"मंग का तू सांगशीन डॉक्टरले?" ती माझ्यावर खेकसली. "बाईमानसाचं आहे. सर बाजूले." आणि सगुणेचा हात धरून ती माझ्यापुढं चालू लागली, बसच्या फाट्याकडं.